एका काठावरचे वेगळे गळ

शनिवार, रात्री

आज तलावावर आम्ही चौघं होतो आणि चौघांची सकाळ चार तऱ्हांची झाली. पाणी एकच, वारा एकच, ऊनही सगळ्यांना सारखंच. पण परतताना गप्पा सुरू झाल्या तेव्हा जाणवलं, की एकाला जी गोष्ट दिवसभर पुरली होती ती दुसऱ्याच्या गावीही नव्हती. काका फक्त बुचाबद्दल, म्हणजे दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवतात त्या तुकड्याबद्दल, बोलत होते. मित्र सुटून गेलेल्या एका माशाबद्दल सांगत होता, हातवारे करून, पुन्हापुन्हा. त्याची धाकटी बहीण पाण्यावर उतरलेल्या किड्यांबद्दल. मी बराच वेळ नुसतं ऐकत राहिलो, कारण मासेमारीत मजा कशात असते हा प्रश्न मला कोणी विचारला, तर या तिघांपैकी कोणाचं उत्तर द्यायचं हेच कळेना.

काकांपासून सुरू करतो. ते कार्प माशासाठी बसतात आणि एकदा जागा धरली की हलत नाहीत. कार्प आमिष एका झटक्यात गिळत नाही. तोंडाजवळच्या मिशांनी आधी चव घेतो, मग आमिष आत ओढतो, शंका आली तर थुंकून टाकतो, परत ओढतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. चिरडायचं काम तिथं होतं. ही सगळी तपासणी पाण्याखाली चालू असताना वर दिसतं ते फक्त बूच. म्हणून काका दोरीवर शिशाच्या बारीक गोळ्या चिमटून बूच असं तोलतात, की त्याचं जेमतेम टोक पाण्याबाहेर राहावं. नवशिका बूच बुडायची वाट बघतो. काका ते वर येण्याचीही वाट बघतात. तळाला टेकलेली गोळी माशानं आमिषासकट उचलली की बुचावरचा भार कमी होतो, ते किंचित उंचावतं, कधी आडवं पडतं. आज एकदा तसं झालं आणि काकांचं मनगट हललं तेव्हा मला अजून काही दिसलंही नव्हतं. मासा चांगला होता. पण परतताना काका त्याच्या वजनाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. बोलले ते त्या उंचावलेल्या टोकाबद्दल.

मित्राला असं बसवत नाही. त्याच्या हातात कृत्रिम आमिष, म्हणजे ल्यूअर, आणि पाय सतत चालते. त्याला हवे असतात शिकारी मासे, दबा धरून बसणारे. बुडालेलं झाड, खडकाची सावली, उथळ पाणी जिथं एकदम खोल होतं ती कड, अशा जागा तो हेरत जातो. ल्यूअर ओढायची, थांबवायची, एक हलका झटका द्यायचा, परत थांबवायची. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा असते. पाण्यातली हालचाल आणि कंप तिच्यामुळे त्याला कळतात. लंगडणाऱ्या, घायाळ छोट्या माशासारखं पाणी हललं की शिकारी वळतो. मित्राची सगळी मजा त्या धडकेत आहे. आजची धडक त्याला मिळाली, काठी वाकली, रील किंचाळलं आणि काही क्षणांत दोरी सैल पडली. तो खट्टू होता, पण त्याचे डोळे चमकत होते. ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, किती ठेवला होता, दोरी तुटायच्या ताकदीच्या पाव भागाएवढा की तिसऱ्या भागाएवढा, यावर त्यानं अख्खी परतीची वाट घालवली. सुटलेला मासा त्याला पुढचे कित्येक दिवस पुरणार आहे, हे मी खात्रीनं लिहितो.

बहिणीनं मात्र सकाळचा मोठा भाग गळ न टाकताच घालवला. ती फ्लाय फिशिंग करते. यात गळाला वजन असं नसतंच. पिसं आणि धागा गुंडाळून केलेला तो एक खोटा किडा असतो. वजन दोरीत असतं, म्हणून फेकायची असते ती दोरी आणि किडा तिच्यामागून जातो. खोटा किडा कोणता बांधायचा हे ठरवण्यासाठी खरे किडे कोणते आहेत ते आधी बघावं लागतं. मेफ्लायसारख्या किड्याचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली जातं, जातीप्रमाणे काही महिने, कधी वर्ष किंवा त्याहून जास्त. पंख फुटून वर आल्यावर त्याला खाण्याजोगं तोंडच उरत नाही. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस जगून, अंडी घालून तो संपतो. मासे त्या वेळी वर येऊन त्यांना टिपतात आणि त्याच आकाराच्या, त्याच रंगाच्या किड्यावर इतके खिळतात, की शेजारून दुसरं काही तरंगत गेलं तरी ढुंकून बघत नाहीत. बहीण गुडघ्यांवर बसून हे बघत होती. उभी राहिली नाही, कारण माशाला पाण्याबाहेरचं जग वरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं, साधारण ९७ अंशांच्या कोनात मावणारं. त्या खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा असतो. माणूस जितका खाली वाकेल तितका तो त्या खिडकीच्या कडेला दबून जातो. शेवटी तिनं तीन-चारदाच दोरी टाकली. एक छोटा मासा लागला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते माशाच्या आकाराशी अजिबात जुळत नव्हतं. आपण ओळखलेला किडा माशानंही ओळखला, एवढंच तिला हवं होतं.

रविवार

कालचं डोक्यातून जाईना, म्हणून या विषयावर जे वाचलं होतं ते आज पुन्हा काढून बसलो.

हॉब्सन ब्रायन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७७ साली ट्राउट पकडणाऱ्या हौशी लोकांचा अभ्यास मांडला. त्यानं त्यांचे चार गट केले. अधूनमधून येणारे, ज्यांना कुठलाही मासा लागला तरी चालतो. मग नियमित येणारे, जे संख्या मोजतात. मग एकाच पद्धतीला वाहून घेतलेले. आणि शेवटी पद्धतीबरोबर जागेचाही आग्रह धरणारे, ज्यांना ठरावीक प्रकारचंच वाहतं पाणी हवं. अनुभव वाढत जातो तशी ओढ माशांच्या संख्येकडून त्यांच्या आकाराकडे आणि तिथून परिसराकडे सरकते, असा त्याचा निष्कर्ष.

वर्गवारी मला पटते, शिडी तितकीशी पटत नाही. काका कित्येक वर्षं त्याच बुचापाशी आहेत आणि त्यांना कुठल्याही वरच्या पायरीची ओढ नाही. उलट दिशेनं जाणारेही असतात. महागडी रीलं, दोऱ्यांचे ढीग, ल्यूअरच्या पेट्या जमवून झाल्यावर काहीजण टेनकाराकडे वळतात. डोंगरी ओढ्यांसाठीची ही जपानी पद्धत: लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी, दोरीला एक खोटा किडा. रील नाहीच. हातातलं सामान कमी झालं की लक्ष पाण्यावर जास्त राहतं, असं त्यांचं सांगणं. मला ते खरं वाटतं, पण म्हणून पेटीभर ल्यूअर घेऊन चालणाऱ्याची मजा खालच्या दर्जाची ठरत नाही. रात्री बसून गळ धारदार करणं, गाठी बांधून ओढून बघणं, उद्या वारा कुठून असेल याचा अंदाज बांधणं, यात ज्याचा जीव रमतो त्याची मासेमारी पाण्यावर पोचायच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

दुसरा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. रॉबर्ट आर्लिंगहाउस यांनी जर्मन हौशी मच्छीमारांवर केलेला, २००६ सालचा. लोकांना विचारलं, तुम्ही का जाता? तर शांतता, निसर्ग, मोकळी हवा ही कारणं पुढे आली. पण दिवस कितपत समाधानाचा गेला हे तपासल्यावर दिसलं, की समाधान प्रत्यक्ष हाती लागलेल्या माशांवर बरंच अवलंबून होतं. निसर्गासाठी जातो म्हणणारेही रिकाम्या हातानं परतताना तितके समाधानी नव्हते.

हे वाचून लोक खोटं बोलतात असा अर्थ काढायला मी तयार नाही. शांतता हवी म्हणून निघालेल्याला ती बहुतेक वेळा मिळतेच, म्हणून तिची नोंद होत नाही. मासा मिळेल की नाही हे मात्र ठरलेलं नसतं, आणि दिवसाला चव आणतं ते हे न ठरलेलंच. पाण्यात मासा नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या हौदाकाठी कोणी गळ टाकून बसणार नाही, भोवती कितीही झाडी असो. माझ्यापुरतं सांगायचं तर हेच माझं उत्तर आहे. दोरी पाण्यात असली की मी पाण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. बुडबुड्यांची रांग कुठे सरकतेय, वाऱ्याची कड कुठे थांबली, बगळा मघापासून तिथंच का उभा आहे, हे सगळं मला त्या दोरीमुळे दिसतं. काठी न घेता त्याच काठावर बसून पाहिलं आहे. छान वाटतं, पण नजर भटकते.

संख्येचा आणि आकाराचा नाद मला स्वतःला नाही, तरी त्याला कोणी नाक मुरडलं की मी वाद घालतो. लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचा विक्रम घ्या. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्यानं २२ पौंड ४ औंसांचा मासा पकडला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून जेमतेम औंसभर जड मासा पकडला. पण नियमानुसार या वजनाचा विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, त्यामुळे दोघांची नावं बरोबरीनं नोंदली गेली. सत्त्याहत्तर वर्षांचं अंतर आणि मध्ये एक महासागर, तरी ही दोन माणसं एका ओळीत उभी आहेत. पेरी मंदीच्या दिवसांत घरासाठी मासे आणणारा माणूस होता. कुरिता मोठ्या माशाच्या मागावरच होते. या दोघांना कोणत्याही एका गटात बसवता येणार नाही, आणि मासा मात्र जवळपास एकाच वजनाचा.

मंगळवार

आज फोनवर काका आणि मित्राच्या बहिणीची जुंपली. काका खाण्याजोगा एखादा मासा ठेवतात, बाकीचे सोडतात. बहीण सगळेच सोडते आणि तिला वाटतं तेच बरोबर. काकांचा सवाल साधा होता: सोडायचाच तर पकडून त्रास का दिलास?

सवाल पोकळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासूनच्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार, सोडून देण्याच्याच हेतूनं मासा पकडायला मनाई आहे. खायचा असेल तर पकडा, असा त्यामागचा विचार. इतर अनेक ठिकाणी नेमकं उलट, काही जाती सोडणं बंधनकारक असतं, कारण त्या विरळ होत चालल्या आहेत.

मी मध्ये पडलो नाही, पण माझं मत आहे आणि ते इथं लिहितो. सोडायचा असेल तर सोडणं हे कौशल्याचं काम आहे आणि आनंदाचा भाग त्यातही असायला हवा. बिनकाट्याचा, म्हणजे टोकामागे उलटा काटा नसलेला, गळ लवकर निघतो. नैसर्गिक आमिषाला गोलाकार गळ वापरला तर तो घशात न रुतता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो; त्यासाठी झटका न देता दोरी हळूहळू ताणू द्यावी लागते, आणि हे जुन्या हातांना जड जातं. हात ओले करून मासा धरायचा, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगापासून त्याला वाचवतो तो हाच थर. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. लांबलेल्या झुंजीत दमलेला मासा तेव्हा सावरत नाही. अशा दुपारी फक्त मजेसाठी पकडून सोडणं मला पटत नाही, मग तो कितीही अलगद सोडलेला असो. खोल पाण्यातून भराभर वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, तो पुन्हा खाली जाऊ शकत नाही. फोटोसाठी त्याला वर धरून ‘सोडला’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

काकांची रीतही मला तितकीच मान्य आहे. मोजका मासा घेणं, तो लगेच आणि कमीत कमी वेदनेनं मारणं, वाया न घालवणं. फक्त विणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेली मादी ठेवू नये, आणि ते काका ठेवतही नाहीत.

गुरुवार

मित्राचा मुलगा पुढच्या वेळी येणार आहे. नऊ वर्षांचा. मित्र त्याला ल्यूअर शिकवायला निघाला होता, बहीण म्हणाली किडा बांधायला बसवते. काकांनी दोघांना गप्प केलं आणि मला वाटतं त्यांनी योग्य केलं. त्या वयात वाट बघण्याला अजून अर्थ आलेला नसतो. तो एखाददोन माशांनंतर येतो. त्याला उथळ पाण्यातल्या लहान, भुकेल्या माशांच्या थव्याकडे न्यायचं. लहान काठी, लहान गळ, लालभडक टोकाचं बूच. गांडूळ स्वतःच्या हातानं लावू द्यायचं, गुंता झाला तर आपण सोडवायचा आणि तक्रार करायची नाही. कंटाळला तर दगडाखालच्या अळ्या शोधू द्यायच्या, तोही त्याच खेळाचा भाग.

मोठे मासे, शांतता, पद्धत, जागा, यातलं त्याला पुढे काय भावेल ते तोच ठरवील. काकांनी बारीक गळ काढून ठेवले आहेत. मी रविवारी सकाळी जाऊन उथळ बाजूला मासे कुठे वर येतात ते बघून येतो, म्हणजे त्याचं पहिलं बूच रिकाम्या पाण्यात पडणार नाही.