खाजनापासून घाटापर्यंत: गोव्यात गाइडसोबत पक्षी पाहताना

किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत गोव्याची रुंदी साठ-पासष्ट किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा पट्ट्यात वाळूचा किनारा, खाडीकाठची कांदळवनं, खाजनं (बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं), मिठागरं, गोड्या पाण्याची तळी, जांभ्या दगडाचे सडे, काजूच्या बागा आणि शेवटी घाटाच्या पायथ्याचं दाट जंगल, असं सगळं एकामागून एक येतं. राज्याच्या यादीत साडेचारशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत ते त्यामुळेच. नकाशा बघून वाटतं, एका हॉटेलात मुक्काम टाकावा आणि रोज एकेक ठिकाण उरकावं. मला हा बेत पटत नाही. इथे कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि गाइडला पैसे मोजायचे ते मुख्यतः त्यासाठी.

आमच्या गाइडने पहिल्या फोनवर पैशांचं बोलण्याआधी तारखा विचारल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला: झुआरी नदीवरची होडी आपण ठरवलेल्या दिवशी नको, तेव्हा भांगाची भरती आहे, पाणी फारसं उतरणार नाही आणि चिखल उघडा पडणार नाही. ती उधाणाच्या दिवसांत घेऊ, जंगल आधी करू. गाइड निवडताना हीच परीक्षा घ्या. आपल्या तारखा सांगा आणि तो भरती-ओहोटीचा विषय स्वतःहून काढतो का ते बघा. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ) अंदाजापुरता ठीक आहे, पण मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, ते बघूनच दिवस पक्का करा.

राहण्याच्या दोन जागा घ्या. एक पणजी किंवा जुन्या गोव्याच्या बाजूला, दुसरी घाटाच्या पायथ्याशी, मोल्याच्या जंगलाच्या परिसरात. किनाऱ्यावरून रोज पहाटे मोल्याला जायचं म्हटलं तर पक्ष्यांची सगळ्यात चांगली वेळ गाडीतच जाते. मुंबईकडून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेने करमळीला उतरावं. करमळीचं तळं स्टेशनाला लागूनच आहे, त्यामुळे सहल फलाटावरच सुरू होते. पुण्याहून गाडीने येणारे अनमोड घाटाने उतरून थेट मोल्यात थांबू शकतात. त्यांनी क्रम उलटा करावा.

करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात अडया शेकड्यांनी बसलेल्या असतात. जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, काणूक, टिबुकल्या, उघड्या चोचीचे करकोचे, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार आणि सगळ्यांची पळापळ करणारा दलदली भोवत्या. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, कारण पक्षी मोठे आहेत, उघड्यावर आहेत आणि पुस्तक उघडून ओळख पटवायला सवड देतात. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची मोठी एकनळी दुर्बीण, इथे हवाच. गाइडकडे नसेल तर आधी विचारून घ्या, कारण आठ पटीच्या दुर्बिणीतून तळ्याच्या मधली बदकं ओळखणं म्हणजे नुसता तर्क.

तिथून रायबंदरच्या जुन्या बांधरस्त्यावर या. पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये बांधलेल्या या रस्त्याच्या कडेच्या मिठागरांत आणि पाणथळीत चिखले, तुतवार, टिलवे मिळतात. रस्ता वाहता आहे, उभं राहायला जागा कमी. गाडी लांब लावून चालत या. चोडणचं सलीम अली अभयारण्य समोरच, फेरीबोटीने ओलांडून. 1988 मध्ये जाहीर झालेलं हे कांदळवन दोन चौरस किलोमीटरही नाही. खरं सांगायचं तर झुआरीची होडी करणार असाल तर चोडणची पायवाट वगळली तरी फार बिघडत नाही. वाट छान आहे, पण झाडी इतकी दाट की पक्षी ऐकू येतात, दिसत नाहीत.

झुआरीसाठी मात्र अख्खी सकाळ राखून ठेवा. होडी कुठ्ठाळीच्या धक्क्यावरून सुटते, मोठं पात्र ओलांडून कुंभारजुव्याच्या कालव्याकडे वळते. हा कालवा झुआरी आणि मांडवी या दोन नद्यांना जोडतो आणि दोन्ही काठांना कांदळवन आहे. आम्ही ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात शिरलो आणि भरती लागल्यावर बाहेर आलो. हीच योग्य वेळ. चिखल उघडा पडतो, खेकडे आणि निवट्या वर येतात, आणि त्यांच्या मागे खंड्ये. गोव्यात येणारे पक्षीनिरीक्षक ज्याच्यासाठी ही होडी घेतात तो पांढऱ्या गळपट्ट्याचा कॉलर्ड किंगफिशर. पश्चिम किनाऱ्यावर तो तुरळक जागीच आहे. नेहमीचा पांढऱ्या छातीचा खंड्या तारेवरही दिसतो, हा मात्र कांदळवन सोडत नाही. गाइड त्याला आवाजावरून शोधत होता. नावाड्याला त्याने हळूच "रावात, रावात" म्हटलं, इंजिन बंद झालं, आणि होडी प्रवाहावर आपोआप सरकत झाडाखाली गेली. काळ्या टोपीचा खंड्या, मोठ्या चोचीचा खंड्या, समुद्रगरुड, कैकर आणि दूरच्या चिखलात एकटा उभा असलेला लेसर अ‍ॅडज्युटंट करकोचा, हे सगळे त्याच फेरीत मिळाले.

ठरवताना विचारायचे प्रश्न सरळ आहेत. होडी फक्त आपल्या गटासाठी आहे की डॉल्फिन बघायला आलेल्यांसोबत? नावाडी इंजिन बंद करायला तयार आहे का? छप्पर आहे का? छप्पर उन्हाला बरं, पण डोक्यावरून जाणारा गरुड त्यात हुकतो. आम्ही बिनछपराची घेतली आणि टोप्या घातल्या. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला.

कालव्यात मगरीही आहेत. खाऱ्या पाण्याला सरावलेल्या या मगरी ओहोटीला काठावर येऊन पडतात. हात पाण्याबाहेर ठेवा, एवढीच काळजी. फोंडा तालुक्यात दुर्भाट, बोरी या बाजूला पौष अमावस्येच्या सुमारास चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, तिला मांगे थापणी म्हणतात. खाजनाच्या बांधांवर ज्यांची शेती टिकून आहे त्या लोकांनी मगरीला शत्रू मानलेलं नाही. गाइडने हे सांगितलं ते बांधावरचं मानस दाखवताना. भरतीचं पाणी किती आत घ्यायचं आणि कधी सोडायचं ते या झडपेच्या दरवाजाने ठरतं. बगळे, ढोकऱ्या आणि पाणकावळे तिथेच का गोळा होतात, हे त्या दरवाजातून वाहणारे मासे बघितल्यावर विचारावं लागत नाही.

मोरजीचा किनारा पहाटे उरका. शापोरा नदीच्या मुखाशी कुरव आणि सुरय थव्याने बसतात, त्यांच्यात पल्लासचा मोठा कुरव शोधायचा. आठनंतर कुत्री, योगवाले आणि पॅराग्लायडिंगवाले हजर होतात आणि थवा उठतो. कुरवांच्या पिसांची वयोमानाप्रमाणे बदलणारी रंगसंगती मला अजून नीट उमगत नाही, म्हणून इथे फार रेंगाळलो नाही. तुम्हाला त्यात रस असेल तर स्कोप आणि भरपूर संयम सोबत ठेवा.

सडा हा प्रकार बहुतेक टूरमधून गळतो, त्याचं मला वाईट वाटतं. सुकूरसारख्या पठारांवर पहिल्या उजेडात चंडोल, तीरचिमण्या, कापशी आणि मोर सहज दिसतात. ऊन चढलं की जांभा तापतो आणि सगळं गप्प होतं. इमारतीही दरवर्षी आत सरकत आहेत. वाटेत थांबायला सकाळचा तास-दीड तास पुरे.

आता जंगल. भगवान महावीर अभयारण्य 240 चौरस किलोमीटरचं आहे, त्यातला 107 चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे मोले राष्ट्रीय उद्यान. दूधसागरच्या जीपगाड्यांच्या रांगेत शिरू नका. धबधबा बघायचा असेल तर तो वेगळा दिवस. पक्ष्यांसाठी तांबडी सुर्ल्याचा रस्ता, महादेवाच्या कदंबकालीन देवळाचा परिसर आणि ओढ्यावरचे पूल पुष्कळ झाले. काळ्या दगडाचं हे देऊळ पाहायला आलेली मंडळी दहाच्या पुढे येतात, त्याआधी अंगण आपलंच असतं. पुलावर उभं राहून खाली ओढ्यात नजर ठेवली तर ब्लू-इअर्ड किंगफिशर मिळण्याची चांगली शक्यता असते. तो सावलीत बसतो आणि साध्या छोट्या खंड्यापेक्षा गडद निळा असतो.

जंगलात नवख्या माणसाचा पहिला तास निराशेचा जातो. काहीच दिसत नाही. मग एकदम मिश्र थवा येतो: निखार, पर्णपक्षी, हृदयाच्या आकाराचे ठिपके असलेला छोटा सुतार, माशीमार, मध्येच भृंगराज, आणि चार-पाच मिनिटांत सगळे पुढे निघून जातात. अशा वेळी सगळं बघायला जाल तर काहीच हाती लागत नाही. गाइड बोट दाखवेल तो एकच पक्षी पूर्ण बघा, मग पुढचा. "पळयात, उजवेकडेन, सुक्या फांद्यार," असं तो कोकणीत म्हणायचा आणि आमच्यातल्या मालवणच्या काकूंना ते आमच्या आधी कळायचं.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मोबाइलवरचं मर्लिन अ‍ॅप इथे मदत करतं तसं फसवतंही. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, आणि अ‍ॅप त्या पक्ष्याचं नाव आनंदाने यादीत टाकतं. गाइडचा कान इथे कामाला येतो. कर्णा पक्षी, म्हणजे मलबार ट्रोगन, त्याने नुसत्या घुमणाऱ्या आवाजावरून ओळखला, आणि तो पंधरा मिनिटं जागचा हलला नाही. पश्चिम घाटाबाहेर न मिळणारे मलबार राखी धनेश, निळपंखी पोपट आणि गोव्याचा राज्यपक्षी असलेला लाल गळ्याचा पिवळा बुलबुल हे तिन्ही देवळाच्या आसपास मिळाले. नवरंग संध्याकाळी अंधारताना ऐकला. तो पाहायचा तर पालापाचोळ्यात हालचाल शोधत स्वस्थ बसावं लागतं.

श्रीलंका फ्रॉगमाउथची जोडी वेतासारख्या झुडपात सुकलेल्या पानांच्या झुबक्यागत बसली होती. गाइडने सगळ्यांना वाटेवरच थांबवून स्कोपमधून एकेक नजर दिली आणि लगेच परत फिरवलं. फ्लॅश नाही, जागेचं लोकेशन कुणाला पाठवणं नाही. एकजण कुरकुरला, फोटो नीट आला नाही म्हणून. माझ्या मते त्या दिवसाच्या पैशांचं सगळ्यात चोख काम तेच होतं. दिवसा झोपणाऱ्या पक्ष्याची जागा एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की पुढच्या शनिवारी तिथे लेन्सची रांग लागते. आवाज वाजवून पक्षी बोलावण्याबद्दलही आधीच बोलून घ्या. आम्ही तो नको असं सांगितलं होतं आणि त्याने काही कमी दिसलं असं वाटलं नाही. पाण्याच्या कुंडीसमोर पैसे देऊन बसायच्या आडोशांमध्ये फोटो झकास मिळतात, पण पक्षी कसा जगतो ते तिथे कळत नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

जंगलासाठी एक सूचना गंभीरपणे घ्या. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि आपल्याकडच्या दोडामार्ग तालुक्यात गेल्या दशकात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा हंगाम नेमका पक्षी बघण्याच्या हंगामाशी जुळतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यात बसकण नाही, परतल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग तपासून आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ ते नववर्षाचा आठवडा सोडा, खोल्यांचे दर आणि रस्ते दोन्ही अंगावर येतात. मोल्यात मोबाइलची रेंज भरवशाची नाही, तेव्हा पत्ते, नकाशे आधी उतरवून घ्या आणि रोकड ठेवा. गट सहाच्या वर नको; अरुंद वाटेवर सातव्या माणसाला फक्त पाठी दिसतात.

तिबोटी खंड्या बघायचा असेल तर मात्र जून-जुलैत वेगळी फेरी करा. तो पावसाबरोबर घरट्यासाठी येतो. तेव्हा होडीचा बेत ठेवू नका, जळवांसाठी लांब मोजे आणि मीठ ठेवा, आणि "घरट्याच्या अगदी जवळ नेतो" असं आपणहून सांगणारा गाइड घेऊ नका.