पाट्यांचा छोटा व्यवसाय आणि कापलेले मराठी अक्षर

पाट्या आणि व्हिनाइल म्हणजे चिकट प्लास्टिक फिल्मच्या स्टिकरच्या व्यवसायात उतरू पाहणारा माणूस पहिली चौकशी नेहमी यंत्राची करतो. कटिंग प्लॉटर, म्हणजे फिल्ममधून अक्षरे कापणारे यंत्र, कोणत्या कंपनीचा घ्यावा, किती इंची असावा, किती रुपयांना पडेल, एवढ्या प्रश्नांवर त्याचे नियोजन सुरू होते आणि बरेचदा तिथेच संपते. सातारा शहरात हा व्यवसाय सुरू केल्यापासून माझे मत असे झाले आहे की यंत्राचा निर्णय तुलनेने सोपा आहे. आपण नेमके काय विकणार आहोत हे ठरवणे अवघड आहे. माझ्या दृष्टीने आपण अक्षर विकतो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दुकानाचे नाव एका नजरेत वाचता आले पाहिजे, ते शुद्ध असले पाहिजे आणि दोन पावसाळ्यांनंतरही काचेला घट्ट चिकटून राहिले पाहिजे. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी जे शिकावे लागते, ते यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत नसते.

यंत्राविषयी आवश्यक तेवढेच सांगते. चोवीस इंची साधा चिनी प्लॉटर सुरुवातीच्या कामाला पुरेसा होतो, कारण काचेवरील नावे, गाड्यांवरील मजकूर आणि दिशादर्शक पाट्या यांतले बहुतेक काम 610 मिलिमीटर रुंदीच्या रोलमध्ये बसते. पात्याचा कोन साधारण कामासाठी 45 अंशांचा आणि जाड फिल्मसाठी 60 अंशांचा वापरतात. पात्याचा दाब असा ठेवावा लागतो, की वरची फिल्म पूर्ण कापली जाईल आणि खालच्या कागदावर जेमतेम ओरखडा उमटेल. रोल बदलला की प्रत्येक वेळी लहानसा चौकोन कापून ही चाचणी घ्यावी. फ्लेक्स छपाईचे मोठे यंत्र पहिल्याच वर्षी घेण्याच्या मी विरोधात आहे. ती छपाई बाहेरून करून घेता येते, त्या बाजारात दराची स्पर्धा तीव्र आहे आणि नव्या माणसाच्या हाती त्यात फारसे काही उरत नाही.

खरा विषय मराठी अक्षराचा आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते, त्यामुळे प्लॉटर ते सुटे कापतो आणि काही अडत नाही. देवनागरीत फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते, पण प्लॉटरला मात्र प्रत्येक अक्षराची स्वतंत्र बाह्यरेषा दिसते आणि तो ती जशीच्या तशी कापतो. परिणामी शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर तुटते, काना आणि वेलांटी अक्षरापासून वेगळे होतात आणि जोडाक्षरांचे तुकडे पडतात. म्हणून कोरल ड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचे प्रथम वक्ररेषांत रूपांतर करावे, मग संपूर्ण शब्द वेल्ड करावा, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच आकार करावा, आणि त्यानंतर केवळ बाह्यरेषांच्या दृश्यात एकेक सांधा तपासावा. वेल्ड करताना कधी कधी ‘क्ष’ किंवा ‘ळ’मधली पोकळी भरून जाते, तीही याच वेळी लक्षात येते.

एकदा नीट जोडला गेला, की मराठी शब्दाचा मोठा फायदा असा, की तो शिरोरेषेला धरून एकसंध राहतो. सुट्या अक्षरांची रांग वाकडी होण्याची भीती त्यात नसते आणि लावण्याचे कामही जलद होते. मात्र त्याच कारणाने एक कोपरा सुटला तर त्याच्यामागून सगळा शब्द ओढला जाऊ शकतो, म्हणून शिरोरेषेची दोन्ही टोके मी किंचित गोलाकार करते; टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलला जातो. अनुस्वार, रफार आणि नुक्ता यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. नको असलेली फिल्म सोलून काढताना, ज्याला आम्ही वीडिंग म्हणतो, बारीक अनुस्वार तिच्यासोबत निघून जातो आणि ‘आनंद’चा ‘आनद’ होतो. लहान मजकुरात अनुस्वाराचा ठिपका मी फॉन्टमध्ये असतो त्यापेक्षा थोडा मोठा करते, आणि फार बारीक रेघांचे फॉन्ट ग्राहकाला आवडले तरी लहान आकारात कापून देत नाही.

फॉन्टची निवड हाही अक्षराचाच भाग आहे. छापखान्यांतून आलेल्या बहुतेक जुन्या फाइली श्री-लिपीसारख्या, युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल तर मजकूर निरर्थक चिन्हांमध्ये बदलतो, त्यामुळे फाइल मागतानाच ती वक्ररेषांत रूपांतरित करून मागावी. नव्या कामासाठी मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ मी नेहमी वापरते, कारण त्यांच्या ठळक प्रकारांतील रेघा कापण्यास योग्य आहेत आणि व्यावसायिक वापरास परवानगी आहे. फॉन्ट निवडताना त्यात मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे की हिंदी वळणाचा, हे पाहावे. आपल्या गावातील दुकानाच्या पाटीवर आपल्या शाळेत गिरवलेले अक्षर असावे असे मला मनापासून वाटते, आणि ग्राहकाला दोन्ही नमुने शेजारी ठेवून दाखवले की त्यालाही तेच हवे असते.

आकाराबाबत पाटीच्या व्यवसायात एक जुना आडाखा आहे: दहा फुटांच्या अंतरासाठी अक्षराची उंची एक इंच धरावी. हा आडाखा रोमन अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीची एकूण उंची मोजली तर प्रत्यक्ष अक्षर लहान राहते. मी शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचेच अंतर मोजते. चाळीस फुटांवरील रस्त्यावरून वाचायचे नाव असेल तर हे अंतर किमान चार इंच हवे, आणि मात्रा-उकारांसाठी जागा त्यापलीकडे सोडावी लागते. नाव, मालकाचे नाव, तीन दूरध्वनी क्रमांक आणि दहा सेवांची यादी एकाच काचेवर मागणाऱ्या ग्राहकाला हे गणित शांतपणे समजावून सांगणे हा या व्यवसायाचा भाग आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ मी कधीच वाया गेला असे मानत नाही.

अक्षर निश्चित झाल्यावर फिल्मचा प्रश्न येतो. बाजारात जिला सरसकट रेडियम म्हणतात, तिच्यात वेगवेगळ्या जातीच्या फिल्म असतात. कॅलेंडर्ड फिल्म पीव्हीसीचा तापवलेला गोळा रुळांमधून दाबून आणि ओढून तयार होते, त्यामुळे त्या ताणाची आठवण तिच्यात राहते आणि उन्हात ती आकसते. कडेने दिसणारी काळपट चिकट रेघ हा त्याचाच पुरावा. कास्ट फिल्म द्रवरूपात पसरवून वाळवलेली असते. ती पातळ असते, साधारण 50 मायक्रॉनची, फारशी आकसत नाही आणि गाडीच्या वळणदार पत्र्यावर नीट बसते. मात्र तिची किंमत बरीच जास्त असते. कॅलेंडर्डमध्येही मोनोमेरिक म्हणजे कमी टिकणारी आणि पॉलिमेरिक म्हणजे जास्त टिकणारी असा फरक आहे. दुकानाच्या आतील आणि अल्पकाळाच्या कामाला मोनोमेरिक चालते, बाहेरच्या काचेला आणि सपाट पाटीला चांगली पॉलिमेरिक, आणि गाड्यांना कास्ट, असा माझा नियम आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांची कामे घेतली की हा नियम किती आवश्यक आहे ते कळते, कारण तिथला पाऊस आणि धुके स्वस्त फिल्मच्या कडांना थारा देत नाहीत. तिथे शक्य असेल तेव्हा मजकूर उलटा कापून काचेच्या आतल्या बाजूने लावावा.

लावण्याच्या पृष्ठभागाची चौकशी मोजमाप घेतानाच करावी. नवा रंग पूर्ण वाळून काही आठवडे होईपर्यंत त्यावर फिल्म लावू नये, कारण रंगातून निघणारी वाफ फुगे आणते. पॉलिकार्बोनेट शीटवरही तोच त्रास होतो. काच किंवा एसीपीचा (अॅल्युमिनियमचे थर असलेला) पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मोठ्या अक्षरांसाठी साबणाचे थेंब टाकलेले पाणी फवारून, स्क्विजीने (दाबून पाणी काढण्याच्या सपाट पट्टीने) मध्यापासून कडेकडे पाणी काढावे. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर काम करू नये, फिल्म लागताक्षणी पकडते आणि सरळ करता येत नाही. पन्हळी शटरवर फिल्म टिकतच नाही. असे काम आले की मी ग्राहकाला शहरातील बोर्ड पेंटरकडे पाठवते. फ्लेक्स आल्यापासून या पेंटरांचे काम फार कमी झाले, पण अक्षरांमधली जागा डोळ्यांनी जुळवण्याचे त्यांचे कसब कोणत्याही संगणकात आलेले नाही. नाममुद्रा हाताने काढून घ्यायची असेल तेव्हा मी त्यांच्याकडूनच मोबदला देऊन ती काढून घेते आणि मग स्कॅन करून कापते.

दराच्या बाबतीत मी प्रचलित पद्धत सोडली आहे. बाजारात सगळे चौरस फुटाने विकले जाते. छपाईला ते योग्य असेल, पण कापलेल्या अक्षराला अन्यायकारक आहे. चार फूट लांब आणि दोन फूट उंच जागेत तीन मोठी अक्षरे असतील तर वीडिंग काही मिनिटांत होते. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दारावर दोन चौरस फुटांत नाव, पदव्या, नोंदणी क्रमांक आणि वारांनुसार वेळा लिहायच्या असतील तर त्याला कितीतरी पट वेळ लागतो. चौरस फुटाच्या दराने पहिल्या कामात ग्राहक जास्त देतो आणि दुसऱ्या कामात आपण तोटा सोसतो. म्हणून मी फिल्म, वीडिंग आणि चिकटवण्याचे काम यांचे दर वेगळे लिहून देते. मोबाइलवर आलेल्या अस्पष्ट छायाचित्रावरून बोधचिन्ह पुन्हा रेखाटायचे असेल तर त्याचेही शुल्क वेगळे असते.

शुद्धलेखनाची जबाबदारी आपली आहे असे मी मानते, ग्राहकाने चुकीचे लिहून दिले तरीही. ‘उपाहारगृह’ हा शब्द ‘उपहारगृह’ आणि ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शिवाद’ असा लिहून येतो. तो कापण्यापूर्वी विनम्रपणे दाखवून द्यावा, अंतिम नमुना पाठवावा आणि लेखी होकार आल्याशिवाय प्लॉटर सुरू करू नये.

मराठी पाट्यांना कायद्याचा आधार आहे, हेही नव्या व्यावसायिकाने जाणून घ्यावे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मध्ये 2022 साली झालेल्या सुधारणेने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक केले. इतर भाषेतला मजकूर ठेवता येतो, पण मराठी अक्षर त्याहून लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईतील व्यापाऱ्यांना पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर या विषयाची चर्चा राज्यभर झाली. जुन्या इंग्रजी पाटीच्या कोपऱ्यात कसाबसा मराठी मजकूर घुसवून देण्यापेक्षा पाटीची नव्याने मांडणी सुचवावी. ग्राहक त्यास बहुधा तयार होतो.

काही कामे मी घेत नाही. वाहनांच्या क्रमांकपाट्यांवर रेडियमची अनेक दुकाने वर्षानुवर्षे चालली, परंतु 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी वाहन उत्पादकाकडूनच येते आणि जुन्या वाहनांनाही ती सक्तीची झाली आहे, तेव्हा त्या कामावर व्यवसाय उभा करणे व्यर्थ आहे. मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मनाई केली. ट्रकच्या परावर्तक पट्ट्या एआयएस-090 या वाहन उद्योगाच्या मानकाच्या असाव्या लागतात; तिथे साधी चमकणारी फिल्म लावणे म्हणजे रात्रीच्या रस्त्यावर कोणाच्या तरी जिवाशी खेळणे होय. प्रसिद्ध कंपन्यांची बोधचिन्हे आणि व्यंगचित्रांतील पात्रे परवानगीशिवाय कापून विकणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, भले ती कितीही खपत असोत.

भांडवल आणि नोंदणी यांत फार अडचण नाही. प्लॉटर, संगणक, मोठे टेबल, हीट गन, मोजक्या रंगांचे रोल आणि ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरे उचलून जागेवर लावण्याची चिकट पट्टी) धरून सव्वा ते दीड लाखात सुरुवात होते, आणि मुद्रा योजनेच्या किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. उद्यम नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क होते; तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. कामगार मोजकेच असतील तर दुकाने अधिनियमाखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

वीडिंगमधून निघणारा कचरा बराच असतो आणि तो पीव्हीसीचा असल्यामुळे जाळू नये, जाळल्यास हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू निघतात. याच कारणाने ही फिल्म लेसर यंत्रावरही कधी कापू नये. मोठे उरलेले तुकडे मी रंगानुसार जपून ठेवते. शाळांच्या वर्गांवरील क्रमांक आणि दारावरील ‘ढकला’, ‘ओढा’ अशी छोटी कामे त्यातून होतात.

दुकानाच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून मी एक पाटी उभी केली आहे. तिच्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिल्मचे तुकडे लावून खाली तारीख लिहिलेली आहे. लाल आणि पिवळा रंग आधी फिकट होतात, काळा आणि पांढरा सर्वाधिक टिकतात, हे ग्राहक तिथे स्वतः पाहतो आणि दरातील फरकाविषयी पुन्हा विचारत नाही. नवी फिल्म आली की तिचा तुकडा आधी त्या पाटीवर लागतो, आणि एक उन्हाळा व एक पावसाळा काढल्याखेरीज ती मी बाहेरच्या कामाला वापरत नाही.