केळकर संग्रहालयातली काचचित्रं पाहायची असतील तर...

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बहुतेक जण दिवे, अडकित्ते आणि मस्तानी महाल पाहून बाहेर पडतात. या खेपेला चित्रकला शिकणारी भाची सोबत होती, म्हणून आम्ही गेलो ते खास काचेवरची रंगीत चित्रं पाहायला. माझं ठाम मत झालंय, या चित्रांसाठी वेगळी सकाळ राखून ठेवावी.

कागदावर चित्रकार आधी मागचं आभाळ रंगवतो, बारकावे शेवटी. इथे रंग काचेच्या मागच्या बाजूने भरतात आणि आपण पुढून पाहतो. म्हणजे डोळ्यातली बाहुली, पापणी, पदराची जर आधी. मग त्वचा, मग वस्त्र, आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. एकदा वरून रंग चढला की पहिली रेघ दुरुस्त करता येत नाही. शिवाय डावं-उजवं उलटतं. भाची म्हणाली, "मामा, म्हणजे नथीचा मोती नाकाच्याही आधी?" हो, आधीच! त्यानंतर ती एकेका चित्रासमोरून हलेना.

18व्या शतकात अशी चित्रं चीनच्या कँटन बंदरातून भारतात येत. पुढे इथल्या चित्रकारांनीही हे तंत्र उचललं. समोर काच असल्याने रंगांवर धूळ बसत नाही, ते आजही टवटवीत दिसतात. पण दमटपणाने मागचा रंग काचेपासून सुटतो. तसे पोपडे दिसले की फार वाईट वाटतं. काच फुटली तर चित्रच गेलं.

आता जाणाऱ्यांसाठी. मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत या. बाजीराव रस्ता एकेरी आहे आणि नातूबागेच्या गल्लीत चारचाकी लावायला जागा मिळणं कठीण. सुट्टीचा दिवस टाळा, उघडताच आत शिरा. मजले चढायचे आहेत, ज्येष्ठांना सोबत नेताना हे ध्यानात असू द्या. चित्रासमोर सरळ उभं राहिलात तर काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल. जरा तिरकं उभं राहा. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास जमवायला घेतलेला हा संग्रह पुढे राज्य सरकारकडे सुपूर्द केला. वस्तू वीस हजारांच्या आसपास, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. म्हणून काचचित्रं कुठल्या दालनात आहेत ते दारातच विचारून घ्या.

मुलं सोबत असतील तर घरी प्रयोग करायला लावा: जुन्या तसबिरीची काच, कडांना चिकटपट्टी, आणि ॲक्रिलिक रंग. पोस्टर कलर काचेवर नीट धरत नाही.