मिरजेची असून ऊद का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुमच्याआधी शारजातल्या मराठी मंडळींनी विचारलंय, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलंय, एकदा कोयना एक्स्प्रेसमध्ये समोर बसलेल्या गृहस्थांनीसुद्धा. ज्या गावच्या सतारी नि तंबोरे देशभर जातात तिथं जन्मून ऊद हे अरबांचं तंतुवाद्य कुठून काढलंस? पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच: ते मकाम (तिकडच्या संगीतातले स्वरांचे साचे) म्हणजे आपले रागच ना? मग सरोद काय वाईट होतं, पडदे त्यालाही नसतात.

सरोदचं आधी उरकते. सरोदची पोलादी तार नखानं दाबून धातूच्या पट्टीवर घसरवली की मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, संपता संपत नाही. ऊदच्या तारा नायलॉनच्या, पाच जोड्या आणि खर्जाची बहुधा एक सुटी. छेडली की नाद लगेच ओसरतो. मला तो ओसरणाराच आवडला. याहून भारदस्त कारण माझ्याकडे नाही.

'रागच ना?'ला मात्र मी बरीच वर्षं 'हो' म्हणत आले. हो म्हटलं की पुढचं बोलणं सोपं जातं. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात तुरुष्कतोडी आणि तुरुष्कगौड हे राग आहेत, तुरुष्क म्हणजे तुर्क, हे मी लोकांच्या तोंडावर फेकायचे. हिजाज हा मकाम वाजवला की कुणीतरी 'अरे, बसंत मुखारी!' म्हणायचं, आणि स्वर बघितले तर ते खोटंही नाही. तेव्हाची मी आजही भांडते माझ्याशी: स्वर जुळतात, ठरलेलं चलन आहे, समोर बसून उस्तादांकडून उचलायचं आहे, मग अडतं कुठे?

अडतं ते इथं. तक्सीम म्हणजे तालाशिवायचा, जागच्या जागी रचायचा विस्तार. त्यात रास्त या मकामातून निघायचं, बयातीवर रेंगाळायचं, सबात शिरायचं, हिजाजला शिवायचं आणि पुन्हा रास्तला उतरायचं. त्या उतरण्याला ते कफला म्हणतात, आणि अरब बैठकीत खरी दाद तिथंच मिळते. यमन मांडून बसलेला माणूस मध्येच तोडीत फिरून आला तर मिरजेत त्याचं काय होईल ते तुम्हीच सांगा. शिवाय मागे तंबोरा नाही. षड्ज तुमचा तुम्ही डोक्यात धरायचा.

तंबोऱ्यावरूनच तर सगळं झालं.

किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात गाणं होतं, ते दिवस. आत्याच्या घरी दुपारी जाणकार मंडळी जमली होती. मी ऊद काढलं तर तंबोरा आधीच लावून तयार, मिरजेतलाच, जवारी, म्हणजे तारांची गुंजन, अशी की ऐकत राहावं. मी म्हटलं, याला नको. आत्या म्हणाली, "अगं, तंबोऱ्याशिवाय कसं वाजवशील?" मी वाद घातला नाही. शारजातले माझे पहिले उस्ताद कैरोचे. त्यांनी शिकवलेला रास्त सुरू केला.

रास्तचा तिसरा स्वर सिका. आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर कैरोकडे तो षड्जापासून साडेतीनशेच्या आसपास बसतो. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो ३८६ वर. मी सिकावर थांबले आणि खोलीत काहीतरी खरवडल्यासारखं झालं. कोपऱ्यात एक काका होते, जन्मभर किराणा घराण्याचं गाणं ऐकलेले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, तंबोऱ्यावरच्या मुलाला म्हणाले, "गंधार बघ रे." तो बिचारा मणी सरकवू लागला. मी पुन्हा तिथंच थांबले. मग काका अगदी मऊपणानं म्हणाले, "ताई, गंधार उतरलाय."

मी वाजवणं थांबवून बोलले, भरपूर बोलले. तो उतरलेला नाही, तो तिथंच असतो, कैरोहून सीरियातलं हलब, हलबहून इस्तंबूल असं वर जाल तसा चढत जातो, असं वादक सांगतात. तुर्की सेगाह, म्हणजे त्यांचा हाच स्वर, तर ३८४ वर आहे. हे बघा, म्हणून बोट केसभर पुढं सरकवलं. सेगाह तंबोऱ्यात विरघळला आणि सगळी खोली 'वा!' म्हणाली.

तो 'वा' मला झोंबला. दाद तंबोऱ्याच्या गंधाराला होती, मी फक्त वाटेतून बाजूला झाले होते.

काकांनी विचारलं, "म्हणजे दोन्ही बरोबर?" मी हो म्हटलं. "मग तुमचा कुठला?" मी म्हटलं, अरबी वाजवताना खालचा, तुर्की... "ते नाही विचारलं मी."

या माणसावर मी पुढं बरेच दिवस चिडून होते. अजूनही थोडी आहे. कारण इस्तंबूलच्या उस्कुदारला मी ज्यांच्याकडे शिकले ते होजाही (तुर्की गुरुजी) हेच करायचे, उलट बाजूनं. तुर्की वादक तंबुरी जमील बे यांची शेदअरबान साझ समाई, म्हणजे वाद्यावरची दहा मात्रांची, इस्तंबूलची रचना. पण कैरोतही ती घरचीच मानतात. होजा ऐकून म्हणायचे, बोट अरबी पडतंय. शारजाला परतले की उस्ताद म्हणायचे, तुर्क झालीस का?

हे कोडं एकट्या मलाच सुटलेलं नाही असंही नाही. १९३२ साली कैरोत मोठी संगीत परिषद भरली, तुर्कस्तानातून संगीतशास्त्रज्ञ रऊफ येकता बे आले होते. सप्तकाचे २४ सारखे भाग करावेत की नाही यावर विद्वानांचं जुळलं नाही. तुर्क पुढं एका पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग, 'कोमा', मोजत राहिले, आणि उश्शाक या मकामाचा दुसरा स्वर कागदावर लिहितात त्याच्या खालीच वाजवत राहिले. त्याआधी वीसेक वर्षं आमच्या शेजारी सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, मोजत होते, आणि त्या कामात खाँसाहेबच त्यांच्या सोबतीला होते. तेव्हा मोजण्याचं वेड मिरजेला नवं नाही, आणि 'मिरजेची असून' या तुमच्या सुराचा मला राग येतो तो त्यामुळेही. इतक्या बारीक गंधारासाठी भांडणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत. कैरोत नि उस्कुदारला तसलीच भेटली, एवढंच.

पण मग 'तुमचा कुठला?' याला उत्तर काय? एकटी वाजवते तेव्हा बोट ३६५च्या आसपास कुठंतरी पडतं, ट्यूनर लावून पाहिलंय. ना कैरोचं, ना इस्तंबूलचं, तंबोऱ्याचं तर नाहीच. होजांना ते कच्चेपण वाटेल. मला कधी तसं वाटतं, कधी नाही.

यंदा पुन्हा येतेय. तंबोरा नको, असं आत्याला आत्ताच कळवलंय. तिचं उत्तर आलं: "बरं. मग पेटी काढून ठेवते."