एफ्लातून पनारचं हित्ती कुंड: जायचं कसं, बघायचं काय

हित्ती म्हणजे आजच्या तुर्कस्तानात प्राचीन काळी साम्राज्य असलेले लोक; झऱ्यावर बांधलेलं त्यांचं हे कुंड तिथेच आहे. तुर्कस्तानातल्या कोन्या शहराहून बेयशेहिर गाव साधारण 90 किलोमीटर. बस मिळते. अडचण त्यापुढच्या वीस-बावीस किलोमीटरची. कुंड सादिकहाजी गावाजवळ शेतांच्या मधे आहे, तिथे परतीचं वाहन मिळेल या भरवशावर जाऊ नका. बेयशेहिरमधून टॅक्सी करा आणि बसण्याआधीच जाण्या-येण्याचं भाडं अन् तिथे दीड तास थांबणं ठरवून घ्या. चालकाला अर्धा तास पुरेसा वाटतो. तो पुरत नाही.

गेल्या गेल्या कुंडावरच्या शिल्पभिंतीला भिडू नका. आधी कुंडाच्या दक्षिण काठावर जा. कुंड साधारण 34 बाय 30 मीटर आहे, आणि पाण्यापलीकडून बघितलं तरच मांडणी उलगडते: मधे बसलेलं देव-देवीचं जोडपं, भोवती हात उंचावून भार पेलणारे मिश्र देहाचे जीव, त्यांच्यावर पंखधारी सूर्यचक्रं आणि सगळ्यांना कवेत घेणारं एक मोठं चक्र. भिंत जेमतेम सात मीटर रुंद, पण एकेक दगड अवाढव्य.

बहुतेकांच्या नजरेतून निसटते ती सर्वांत खालची रांग. तिथे पर्वतदेव आहेत आणि मधल्या तिघांच्या अंगावर भोकं पाडलेली आहेत. झऱ्याचं पाणी त्यांतून कुंडात पडायचं. देवांच्या देहातून पाणी, हीच या जागेची सगळी कल्पना! 1996 पासूनच्या उत्खननात ही रांग आणि कुंडाच्या भिंती उजेडात आल्या. पाणी वर असेल तर रांग बुडते, शिवाय चकाकीने दिसत नाही. म्हणून कॅमेऱ्याला लावायचा, चकाकी कापणारा पोलरायझिंग फिल्टर आणि छोटी दुर्बीण न्याच. दगड फार झिजलाय. भर दुपारी तो सपाट दिसतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तिरपा प्रकाश पडला की उठाव स्पष्ट होतो. काठाचे दगड शेवाळाने निसरडे असतात, पाण्यात तर उतरूच नका.

इथे शिलालेख नाही. काळ इ.स.पू. 13वं शतक मानतात, बहुधा हित्ती राजा चौथ्या तुधालियाचा. इल्गनजवळच्या याल्बुर्त कुंडावर त्याचा चित्रलिपीतला लेख आहे, त्यामुळे हा अंदाज पटतो.

खाणं-पाणी बेयशेहिरमधूनच घ्या. दिवस हाताशी असेल तर त्याच टॅक्सीत फासल्लार जोडा. तिथे सात मीटरांहून उंच, अर्धवट घडवलेला देव डोंगरउतारावर आडवा पडलाय. भाडं मात्र तिन्ही टप्प्यांचं एकत्रच बोला.