आत्तीचं घर तिच्यासाठीच राहावं म्हणून

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, ७३ वर्षांची. कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या गावात एकटी राहते. मागच्या पावसाळ्यात रात्री परड्यातल्या संडासाकडं जाताना घसरली आणि मनगट मोडलं. पुण्याहून तिचा मुलगा आला, "चल माझ्याकडं" म्हणाला. ती म्हणाली, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू रे, दारात बसायची सुद्धा सोय न्हाई." विषय तिथंच संपला. मी बेळगावात शहापूरला राहते, म्हणजे जवळची मीच. कागदांचं काम माझ्या अंगावर आलं.

मी आधी चुकीच्या टोकाला हात घातला. म्हटलं, सरकारी घरकुल मंजूर करून घेऊ. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाटीच्या प्रदेशासाठी १ लाख २० हजार मिळतात. पण ती योजना बेघरांसाठी, नाहीतर कच्च्या भिंती आणि कच्च्या छपराच्या जास्तीत जास्त दोन खोल्यांत राहणाऱ्यांसाठी. आत्तीचं घर सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर असं तीन खोल्यांचं, वर मंगलोरी कौलं. बसव वसती या कर्नाटक सरकारच्या घरकुल योजनेचं विचारलं, तर लाभार्थी ग्रामसभेत निवडतात आणि पैसे पाया, चौकट, छप्पर असे टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक वेळी फोटो काढून. म्हणजे हे सगळं नव्या घरासाठी. जिला आहे त्याच घरात राहायचंय, तिनं काय, आधी घर पाडायचं? तिला पाहिजे होता एक संडास आणि धरायला एक दांडा. तेवढ्यासाठी अर्ज कुठला, ते मला कुठल्याच खिडकीवर कुणी सांगितलं नाही.

तरी हेलपाटे अगदीच फुकट गेले नाहीत. जन्मतारीख तपासताना कळलं की आत्तीला अजून विधवा पेन्शनचे ८०० रुपयेच येत होते. ६५ पूर्ण झालेल्यांना संध्या सुरक्षा या राज्याच्या म्हातारपणाच्या पेन्शनमधून १२०० मिळतात, पण दोन्ही पेन्शन एकदम मिळत नाहीत. आधी जुनी बंद करायची, मग नवी. मध्ये दोन महिने कोरडे जातील म्हणून आत्ती घाबरली होती. गेलेही, पण "पगार" सुरू झाला. म्हाताऱ्या माणसांना काठी, चष्मा अशा वस्तू देणाऱ्या वयोश्री योजनेच्या शिबिरातून तीन पायांची काठी मिळाली. तिथं आधी तपासणी होते आणि वस्तू नंतर कधीतरी वाटतात, त्यामुळं त्याच दिवशी काठी मिळेल म्हणून जाऊ नका.

खरा घोळ नावाचा. आधारवर नावापुढं "बाई" आहे, रेशनकार्डावर नाही, आणि बँकेत नवऱ्याचं नाव आधी. कागद सगळे कन्नडात. आत्ती मराठीत सही करते, आणि फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते तिला मी वाचून सांगायचं. माझं कन्नड बाजारापुरतं. शेवटी शेजारच्या अक्कांचा मुलगा बरोबर नेला, तेव्हा काम हललं. येण्याजाण्याचा खर्च मात्र नाही. बायकांना मोफत प्रवास देणाऱ्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळं आम्हा दोघींना सरकारी बसमध्ये शून्याचं तिकीट. फक्त आधारसारखं ओळखपत्र जवळ पाहिजे. एकदा आधार माझ्या दुसऱ्या पर्समध्ये राहिलं आणि पूर्ण भाडं भरावं लागलं.

घराचं काम शेवटी आमचं आम्हीच केलं. मागच्या पडवीत, स्वयंपाकघराला लागून, संडास-न्हाणी एकत्र. जुना खड्डा तसाच ठेवला आणि चार इंची पाईप उतार देऊन तिथवर नेला. गवंडीमामांना चकचकीत टाईल घालायची होती. मी अडून बसले आणि खरखरीत शहाबादी घातली. दाराला उंबरा ठेवला नाही. "उंबऱ्याशिवाय घर कसलं?" म्हणून आत्ती दोन दिवस रुसली होती. मग पुढच्या दाराचा उंबरा तसाच राहील, हळदकुंकू तिथं वाहायचं, असं ठरलं.

दांड्यानं जास्त डोकं खाल्लं. दुकानातली स्टीलची दांडी भिंतीत बसवली तर दुसऱ्या दिवशी मातीसकट हातात आली. भेंड्याची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची, भिंत स्क्रू धरत नाही, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. गवंडीमामांनी मग लोखंडी पाईप जमिनीत काँक्रीटमध्ये गाडून वर तुळईला पट्टीनं आवळला. असे दोन खांब, एक कमोडजवळ आणि एक आंघोळीच्या पाटाजवळ. तिनं हात टाकला की पोचेल एवढ्याच अंतरावर. माप घ्यायला तिला तिथं बसवून उठवलं, तेव्हा ती लाजून हसत होती. मातीची भिंत असेल तर हाच उपाय करा, दांडीवर पैसे घालू नका. सगळं मिळून ४६ हजार लागले. अर्धे तिच्या मुलानं दिले. बाकीचे आम्ही भाचरांनी.

घर अजून आत्तीच्या आजेसासऱ्यांच्याच नावावर आहे. ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन घर-नोंदीचा, नमुना ९ आणि ११अ आत्तीच्या नावावर व्हायचा तर वंशावळ पाहिजे, आणि वंशावळीसाठी आजेसासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला. तो कुणी कधी काढलेलाच नाही. आत्ती म्हणते, "ते गेले तेव्हा दाखला कोण काढत होतं?" मंगळवारी परत जायचंय. आधार आत्ताच पर्समध्ये टाकून ठेवलंय.