फुली-गोळा आणि रेड्याची गाडी: यायेयामा बेटांवर मुलांसोबत

डिसेंबरच्या सुट्टीत यायेयामाला जातोय म्हटल्यावर टोकियोत आम्ही राहतो त्या निशी-कासाईतल्या मैत्रिणींनी काळजीच व्यक्त केली. मुलं लहान, रोज बोटीचा प्रवास, त्यात हिवाळ्यातला वारा. आमची थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीन. काळजी मलाही होतीच. पण पाच दिवस राहून आल्यावर सांगते, मुलं लहान असतानाच जा. तिथे एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं हीच मुलांची खरी मजा असते.

यायेयामा म्हणजे जपानच्या ओकिनावा प्रांताचं दक्षिणेकडचं टोक. टोकियोपासून साधारण दोन हजार किलोमीटर, आणि तैपेई मात्र जेमतेम पावणेतीनशे किलोमीटरवर. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून थेट विमान इशिगाकी या इथल्या मुख्य बेटावर उतरतं. टोकियोत त्या दिवसांत साडेचारला अंधार पडतो, इथे सहापर्यंत उजेड. संध्याकाळचा हा जास्तीचा दीड तास मुलांना फारच मोलाचा वाटला.

आम्ही एक गोष्ट आधीच ठरवली होती: हॉटेल बदलायचं नाही. मुक्काम इशिगाकीच्या बंदराजवळ, रोज सकाळी एका बेटावर जायचं आणि संध्याकाळी परत. ओले कपडे, औषधं, धाकट्याची उशी, सगळं एकाच खोलीत राहतं. बेटांच्या बोटी ‘रितो टर्मिनल’वरून सुटतात. तिथे इशिगाकीचा जगज्जेता मुष्टियोद्धा योको गुशिकेन याचा पुतळा आहे. त्याच्याशेजारी मूठ वळून उभं राहिल्याशिवाय धाकटा एकाही बोटीत चढला नाही.

पहिल्या दिवशी मुद्दाम जवळचं ताकेतोमी निवडलं. बोटीने दहा-पंधरा मिनिटं. मुलांना बोट सोसते का, ते एवढ्यात कळतं. या बोटी वेगवान असतात आणि लाटेवर आपटतात. पुढच्या बाजूला दणके जास्त बसतात, म्हणून मागच्या रांगेत बसलो. थोरलीच्या हातात आलेपाकाची वडी दिली आणि तिला लांब क्षितिजाकडे बघायला सांगितलं. निम्मी वडी संपेपर्यंत ताकेतोमी आलंसुद्धा.

ताकेतोमीला बाबागाडी नेऊ नका. गावातले रस्ते पांढऱ्या प्रवाळ-वाळूचे आहेत, चाकं रुततात. धाकट्याला कॅरिअरमध्ये पाठीवर घेतलं आणि तेच बरं पडलं. गावकरी हे रस्ते रोज सकाळी झाडतात. आम्ही पोचलो तेव्हा वाळूवर खराट्याच्या रेघा अजून तशाच होत्या, अगदी आजीच्या अंगणासारख्या. दोन्ही बाजूंना प्रवाळाच्या दगडांचे गडगे, त्यामागे लाल कौलांची बुटकी घरं, कौलांवर शीसा नावाचे राखणदार सिंह. समुद्राकाठी केवड्याची बनं. देवरुखच्या माणसाला इथे परकं वाटूच शकत नाही.

गावातून फिरायला रेड्याची गाडी आहे. हे रेडे १९३० च्या दशकात तैवानहून आलेल्या शेतकऱ्यांबरोबर यायेयामात आले. अरुंद गल्लीतलं एक वळण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाडी लांबलचक, गडगा अगदी कोपऱ्यावर. रेडा वळणापाशी लगेच वळला नाही. तो सरळ चार पावलं पुढे गेला, थांबला, आणि मग हळूच मान फिरवून वळला. मागचं चाक दगडाला न लागता वीतभर अंतरावरून निघालं. गाडीवानाने कासरा ओढलाच नव्हता. थोरली माझ्या कानात म्हणाली, “आई, त्याला माहितीये मागे किती गाडी आहे ते.”

दुसऱ्या दिवशी इरिओमोतेला जायचं होतं. त्या बेटाला दोन बंदरं: उत्तरेला उएहारा, आग्नेयेला ओहारा. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की उएहाराच्या फेऱ्या रद्द होतात, आणि हे वारंवार होतं. सकाळी फोनवर फेऱ्यांची यादी उघडली. जपानी पद्धतीप्रमाणे चालू फेरीला गोल, रद्द फेरीला फुली. उएहारासमोर सगळ्या फुल्या. थोरलीने यादी वाचली आणि तिचा चेहरा पडला. मग तिनेच ओहारासमोरचे गोल मोजले. पुढचे सगळे दिवस उठल्या उठल्या दोघांचा हा फुली-गोळा चालायचा.

उएहाराची बोट रद्द झाली तर ओहाराला उतरून बसने वर जाता येतं, पण तो तासाभराचा रस्ता. मुलांना एवढा वेळ बसमध्ये बसवण्यापेक्षा आम्ही बेतच बदलला. ओहारालाच नाकामा नदीत कांदळवनातून होडी जाते. त्यानंतर बसने युबूच्या काठापर्यंत. इरिओमोतेवर मुख्य रस्ता एकच, त्यामुळे चुकायची भीती नाही. वाटेत रानमांजराच्या चित्राच्या पाट्या लागतात. हे इरिओमोतेचं रानमांजर १९६५ साली जगापुढे आलं. आता शंभराच्या आसपासच उरली आहेत आणि गाडीखाली येणं हा त्यांना मोठा धोका. म्हणून रस्त्याखालून प्राण्यांसाठी बोगदे काढलेत. हे कळल्यावर धाकटा खिडकीला नाक लावून प्रत्येक पाटीला “सावकाश जा” म्हणत होता. २०२१ मध्ये हे बेट जागतिक वारसा यादीत गेलं. पण मुलांच्या लक्षात तो बोगदाच राहील आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

युबू हे पलीकडचं छोटं बेट. मध्ये चारशे मीटर उथळ समुद्र, आणि तो ओलांडायचा रेड्याच्या गाडीने. पूर्वी इरिओमोतेवर मलेरिया होता, म्हणून लोक युबूवर राहायचे आणि रेडे घेऊन पाण्यातून शेतीला पलीकडे जायचे. १९६९ च्या वादळात युबू पाण्याखाली गेलं आणि बहुतेक कुटुंबं बेट सोडून गेली. वाट तीच राहिली. रेड्याच्या पायांखाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं, गाडीवान संशिन हे तीन तारांचं वाद्य छेडत जुनं लोकगीत म्हणत होता. मधेच रेडा थांबला, शेपटी उचलली आणि निवांत मोकळा झाला. गाडीवान गाणं न थांबवता थांबला. कुणीही घाई केली नाही. धाकटा माझ्या मांडीवर तिथेच झोपला.

एक दिवस इशिगाकीतच भाड्याची गाडी घेतली. सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, ती गाडी ठरवतानाच सांगून ठेवा. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, रस्ते शांत. काबिराच्या खाडीत पोहायला बंदी आहे, तळाला काच असलेल्या होडीतून प्रवाळ बघायचे. जेवणाची चिंता नको: भात, टोफू, आणि जिमामी म्हणजे शेंगदाण्याची मऊ, गोडसर वडी. चंपुरू या परतलेल्या भाजीत कारलं असतं, पण बहुधा डुकराचं मांसही, तेवढं विचारून घ्या. इथली काळी साखर म्हणजे थेट आपला गूळ. दोघांनी खिशात खडे ठेवले होते.

निघायच्या दिवशी विमान दुपारचं होतं. सवयीने थोरलीने यादी उघडली. वारा पडला होता आणि उएहारासमोर पहिल्यांदाच गोल होते. आम्ही बॅगा हॉटेलातच ठेवून टर्मिनलवर गेलो, आणि ती बोट धक्क्यावरून सुटून दिसेनाशी होईपर्यंत दोघं हात हलवत उभी राहिली.